सातवं तोंड

चेंबरचं झाकण उचललं की देवाप्पा आधी कान लावतो. वास, घाण, झुरळं हे नंतर. पाइपातून अख्खं घर ऐकू येतं, असं तो म्हणतो. वरच्या मजल्यावर कोण गुळण्या करतंय, कुणाच्या हातून भांडं पडलं, नळ सोडून आत कोण रडतंय. वर दिवाणखान्यात कॉफीचा कप पुढं करणारी बाई मघाशी रडत होती, हे त्याला ठाऊक असतं. तो खाली बघून कॉफी पितो.

पंचविशीपर्यंत हा माणूस खड्ड्यात राहिला. निपाणीजवळच्या खेड्यातून बेंगळुरूला आला आणि आल्या दिवशी हातात कुदळ पडली. दुसऱ्याच्या दारात छातीइतकं खोल उतरायचं, फुटका पाइप काढायचा, नवा बसवायचा, माती लोटायची आणि वर आल्यावर ऐकून घ्यायचं, की माझा मोगरा कुठं गेला. पुढं सर्जापूर रोडच्या एका सोसायटीत त्यानं न खोदता पाइप दुरुस्त होताना बघितला. तिथूनच बायकोला फोन लावला.

"शालन, डॉक्टर पोटात नळी घालून बघतात नव्हं, तसं हाय हे. पोट फाडायचंच नाही."

"आजवर तुम्ही कुणाची पोटं फाडत होतासा?" शालन म्हणाली. "जेवलासा का ते सांगा आधी."

आता दोघं मिळून तेच काम करतात. जुनी व्हॅन, तिच्यात कॉम्प्रेसर, पाणी तापवायची टाकी, लांब केबलवरचे दोन कॅमेरे, आणि पाइपात शिरून आतून कापणारं एक वीतभर यंत्र. त्याला शालन उंदीर म्हणते. यंत्रांपाशी देवाप्पा, स्क्रीनपाशी शालन. गिऱ्हाइकाशी बोलायचं शालननं, पण पाइपात काय होणार ते समजावून द्यायची हौस त्याला.

"पायमोजा उलटा करून पायात चढवतो, तसं समजा. रेझिनमध्ये, म्हंजे तापलं की घट्ट होणाऱ्या राळेत भिजवलेली कापडी नळी असती. हवेच्या दाबानं जुन्या पाइपात उलटत उलटत जाती, फुगती, चिकटून बसती. वर गरम पाणी सोडलं की तीन तासांत दगड. जुन्याच्या पोटात नवा पाइप."

इथं तो थांबतो. पुढचं शालन सांगते, कारण ते सांगताना त्याचा आवाज पडतो. मोठ्या पाइपाला घरातल्या मोऱ्यांचे, संडासांचे छोटे पाइप येऊन मिळालेले असतात. नवी नळी बसली की त्या सगळ्यांची तोंडं बंद होतात. मग उंदीर आत सोडायचा आणि स्क्रीनवर बघत एकेक तोंड आतून कापून मोकळं करायचं. मोजून. एखादं राहिलं तर त्या मोरीचं पाणी जाणार कुठं?

देवाप्पाकडून एकदा राहिलं होतं. तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहायच्या. त्या आठवडाभर मुलीकडे गेल्या होत्या, आणि त्या तोंडातून जाणारं वरच्या सगळ्या मजल्यांचं पाणी त्यांच्या मोरीतून वर येऊन घरभर साचलं. बाई ओरडल्या नाहीत. फोटोंचा भिजलेला अल्बम त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "धरा जरा. मी खिडक्या उघडते." अल्बममधलं पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत राहिलं. त्या दिवसापासून त्यानं स्वतःला एक नियम घालून घेतला. पाइपाचं दुसरं टोक कुठं निघतं हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकही तोंड बंद सोडायचं नाही.

शालननं त्याला आपली पद्धत जोडली. एका मोरीत हळदीचं पाणी, दुसरीत कुंकवाचं, तिसरीत नीळ, कुठं काळी कॉफी, कुठं ताक. ती वर ओतते, तो खाली कुठल्या तोंडातून कुठला रंग उतरला ते ओरडून सांगतो. शेजारपाजारच्यांना वाटतं, काहीतरी करणी काढताहेत.

चामराजपेटला मल्हाररावांच्या घरी हे सगळं सोमवारी दुपारी झालं.

मल्हाररावांच्या घराण्याला या शहरात पिढ्या झाल्या होत्या. पुढं लग्नपत्रिकांचा छापखाना, मागं राहतं घर, त्याच्यामागं अंगण आणि अंगणात संपिगेचं, म्हणजे सोनचाफ्याचं झाड. घराचा सांडपाण्याचा मोठा पाइप अंगणातल्या चेंबरमधून निघून घराखालून, छापखान्याखालून रस्त्याला जायचा. झाडाच्या मुळांनी तो ठिकठिकाणी फोडला होता, आणि नेमकं त्याच्यावर दोन टनांचं छपाईचं मशीन उभं होतं.

"मशीन हलणार नाही," हे मल्हाररावांचं फोनवरचं पहिलं वाक्य.

"अण्णा, मशीनला कळायचंबी नाही आम्ही आलेलो," देवाप्पा म्हणाला होता.

"सरी." मल्हारराव 'सरी' म्हणून होकार द्यायचे आणि 'सरी' म्हणूनच बोलणं मिटवायचे. वय सत्तरीला टेकलेलं, बोटांच्या पेरांत शाई. त्यांनी तोंडं मोजून दाखवली. दोन मोऱ्या, दोन संडास, स्वयंपाकघर, छापखान्यातलं बेसिन. सहा. सहाही रंग बरोबर उतरले. मग देवाप्पानं मोठ्या पाइपात कॅमेरा सोडला.

"थांबा," शालन म्हणाली. "मागं घ्या. स्वल्प. अजून. हे कुणाचं हो?"

चेंबरपासून जेमतेम हातभर आत, डाव्या हाताला सातवं तोंड होतं.

वापरात नसलेलं तोंड देवाप्पाला लगेच ओळखू येतं. खपली धरलेलं, कोरडं, केसांसारखी पांढरी मुळं लोंबणारं. याचा काठ धुतलेल्या ताटासारखा स्वच्छ होता. खालच्या बाजूला एक थेंब जमला, जड झाला आणि सुटला. काठावर वाळत आलेला फेस होता.

तो छापखान्यात गेला. "अण्णा, सातवं एक दिसतंय."

"तिथं काही नाही."

"ओलं हाय."

"झाडाची मुळं आहेत. झिरपत असेल."

"झाड साबण लावत नाही नव्हं, अण्णा."

मल्हाररावांनी हातातला पत्रिकांचा गठ्ठा खाली ठेवला. कडा जुळवल्या. परत जुळवल्या. "पूर्वी एक बाथरूम होती. तेरा वर्षं झाली बंद करून. दार काढून भिंत घातली. नळाची लाइन कापली, करंट कापला. सहा आहेत, देवाप्पा. सहाच उघडायची. सरी?"

विमलाबाई, त्यांची बायको, कॉफी घेऊन अंगणात आल्या. तांब्याभांड्याचाही आवाज होऊ न देता वावरणारी बाई. शालनच्या हातात कप देताना त्या खाली बघत म्हणाल्या, "उद्या सकाळी पावणेसातला याल?"

"एवढ्या लवकर का, अक्का?"

"एरवी हे साडेसहाला मशीन लावतात. रोज, रविवारीसुद्धा. काम असो नसो. तुमच्या पाइपसाठी दोन-तीन दिवस मशीन बंद आहे ना, म्हणून म्हणते. नीट ऐकू येईल."

"काय ऐकू येईल?"

"कॉफी गार होते," विमलाबाई म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी शालन जेवणघराच्या दारात स्क्रीन घेऊन बसली. तिथून एका बाजूला अंगणातला देवाप्पा दिसायचा, दुसऱ्या बाजूला जेवणघर. त्या खोलीची एक भिंत रिकामी होती. खिळा नाही, कॅलेंडर नाही. रंग बाकीच्या भिंतींपेक्षा एक छटा उजळ. तिच्यासमोर हातभर अंतरावर विमलाबाई पाटावर बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर घडी घातलेला टॉवेल होता.

देवाप्पानं या वेळी बारीक कॅमेरा घेतला आणि सातव्या तोंडातून आत, वर सरकवला. एक वळण गेलं. मग पाइप उभा झाला आणि वर मोरीची जाळी दिसली, खालच्या बाजूनं. जाळीपलीकडं काळोख. कॅमेऱ्याचा उजेड भोकांतून वर जाऊन छतावर पडला होता. कोपऱ्यात गॅस गिझरची पांढरी पेटी, तिच्यातून मधेच कापलेली नळी लोंबत होती.

"बघितलंसा?" शालन म्हणाली. "खरंच कापलीय. खोली बंदच हाय."

"मग काढू का?"

"थांबा."

पावणेसात झाले. बादली फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. भिंतीतून नाही; चेंबरमधून, देवाप्पाच्या गुडघ्यापाशी. बादलीच्या कडीचा टणत्कार झाला. मग तांब्या बुडाला, आणि स्क्रीन दुधाळ पांढरी झाली. कॅमेऱ्यावर कुणीतरी पाणी ओतलं होतं.

क्षणभरानं तेच पाणी सातव्या तोंडातून उतरून देवाप्पाच्या बोटांवर आलं. ऊन पाणी. त्याला चंदनाच्या साबणाचा वास होता.

देवाप्पानं हात काढला नाही. तिथं हात धरायची त्याची सवय होती, पाणी किती जोरानं येतं ते बघायची. आता ती सवयच त्याला उपयोगी पडली, नाहीतर तो उठून पळाला असता.

स्क्रीनवर पाणी ओसरलं आणि जाळीवर सावली आली. अर्धी भोकं झाकली गेली. सावली पुढं सरकली, मागं आली. खस्. खस्. खस्.

शालननं स्क्रीन हळूच आपल्याकडं वळवली. विमलाबाईंनी बघितलंच नव्हतं. त्या भिंतीकडं तोंड करून, रोजच्या आवाजात म्हणाल्या, "टाच घासते जाळीवर. किती वेळा सांगितलं, दगड ठेवलाय ना तिथं, दगड घे. ऐकेल तर शपथ."

"कोण, अक्का?"

"पवित्रा. आमची मुलगी."

सात वाजता बादली उपडी झाल्याचा आवाज आला आणि सगळं थांबलं. मग विमलाबाईंनी सांगितलं. टॉवेलची घडी मोडत, परत घालत सांगितलं.

पवित्रा तेवीस वर्षांची होती. इंदिरानगरला नुकती नोकरी लागली होती, पावणेसातला आंघोळ, सव्वासातची बस. बाथरूममध्ये गॅसचा गिझर आणि वर एक झरोका. डिसेंबर होता. थंड वारा येतो म्हणून ती कुरकुर करायची. रविवारी वडील स्टुलावर चढले आणि लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा कापून त्यांनी झरोक्याला मापात बसवला. चारी बाजूंनी टेप लावली. हाताला सफाई होती, फट म्हणून राहिली नाही. सोमवारी ती म्हणाली, बाबा, आता मस्त ऊब राहते. मंगळवारी गिझरच्या ज्योतीतून निघणारा विषारी वायू आतच साठला. त्याला वास नसतो.

"मी दुधाला गेले होते," विमलाबाई म्हणाल्या. "हे मशीनवर होते. लग्नाचा मोसम. तिनं दार वाजवलं असणार हो. कडी वरच्या बाजूला होती, हात पोचला नसेल, पण वाजवलं तर असणार. मशीन चालू असलं की..."

"झालं सांगून?"

मल्हारराव छापखान्याच्या दारात उभे होते. कधीपासून, कुणास ठाऊक. ते जेवणघर ओलांडून अंगणात आले, त्या भिंतीपासून लांबून, टेबलाला वळसा घालून.

"देवाप्पा, नळी घाला. सहा तोंडं कापा. हे बंद राहू द्या."

देवाप्पा चेंबरपाशी उकिडवा बसला होता. "अण्णा, त्यात पाणी येतंय."

"बंद झालं की ती यायची थांबेल. तेरा वर्षं पुरे झाली. तिलाही पुरे झाली असतील."

"पाणी यायचं मी थांबवू शकत नाही. जायचं तेवढं माझ्या हातात हाय. जायची वाट बुजवली तर ते आतच चढंल."

"मी रोज ऐकते तिला," विमलाबाई आतून म्हणाल्या. "मला तेवढंच आहे."

"तू रोज ऐकतेस," मल्हारराव मागं न बघता म्हणाले, "आणि मी रोज मशीन लावतो. तुला वाटतं मला ऐकू येत नाही. मशीन चालू असतानाही मला तो तांब्या ऐकू येतो, विमला. फक्त तांब्या. दुसरं काही नाही." ते देवाप्पाकडं वळले. "तुम्ही करणार नसाल तर दुसऱ्याला बोलावतो. तो सातवं शोधणारही नाही."

हे खरं होतं. देवाप्पा हात पुसत उठला. शालन त्याच्यामागून व्हॅनपर्यंत गेली.

"आता बोला. दुसरं टोक बघितल्याशिवाय म्हणे तोंड बंद सोडायचं नाही."

"बघितलं की."

"मग?"

"तिथं कोण तरी हाय, शालन. दुसऱ्या कुणी ही नळी घातली तर ती पोरगी कायमची गेली आत."

"मेलेलं माणूस परत कसं कोंडंल?"

"मला नको विचारू. माझ्या हाताला ऊन पाणी लागलंय." त्यानं हात पुढं केला, जणू त्यावर काही दिसणार होतं. शालननं तो धरला. बोटांना अजून चंदनाचा वास होता. "काम आपणच करायचं. आणि उद्या पावणेसातला परत यायचं, उंदीर घेऊन."

"त्यांनी नको म्हटलं तर?"

"मी त्यांना सांगतो, नळी नवी हाय, उद्या दुपारपर्यंत मशीन लावायचं नाही. थरथर चालत नाही."

"खरंच चालत नाही?"

"चालती," देवाप्पा म्हणाला. "पण त्यांना कुठं ठाऊक हाय. उद्या त्यांनीबी ऐकायला पाहिजे."

मंगळवारचं काम बिनबोभाट झालं. पाइप धुतला, मुळं कापली. दोघांनी रेझिनमध्ये भिजलेली नळी चेंबरमधून आत सोडली; ती सापासारखी उलटत छापखान्याखालून गेली आणि रस्त्याच्या चेंबरमध्ये तिचं टोक दिसलं. गरम पाणी, तीन तास. मग कॅमेरा. नव्या पाइपाच्या गुळगुळीत भिंतीवर जिथं जिथं तोंडं बंद झाली होती, तिथं गालावर पडते तशी खळी पडली होती. सात खळ्या. उंदरानं सहा कापल्या. सातवीसमोर देवाप्पानं केबल थोडा वेळ थांबवून धरली, मग मागं ओढली.

निघताना विमलाबाई दारात आल्या नाहीत. मल्हाररावांनी मशीनचं ऐकून घेतलं, बटणाकडं बघितलं आणि म्हणाले, "दुपारपर्यंत?"

"दुपारपर्यंत, अण्णा."

"सरी."

बुधवारी सहा चाळीसला व्हॅन दाराशी लागली. मल्हाररावांनी त्यांना येऊ दिलं, का आलात विचारलं नाही. त्यांची दाढी वाढली होती. ते छापखान्यात जाऊन बंद मशीनला हात टेकून उभे राहिले.

शालननं स्क्रीन मांडली. देवाप्पानं उंदीर चेंबरमधून आत सातव्या खळीपर्यंत नेऊन ठेवला, त्याच्यामागं कॅमेरा. विमलाबाई पाटावर बसल्या होत्या.

पावणेसातला बादली ठेवल्याचा आवाज आला. तांब्या. एक. दोन. तीन.

आज पाणी देवाप्पाच्या हातावर उतरलं नाही.

"खळी भराय लागली," शालन म्हणाली. स्क्रीनवर ती आत दबलेली खळी सपाट झाली होती. मग फुगली. पाण्याची गुळणी धरलेल्या गालासारखी हळूहळू फुगत गेली.

जेवणघरात उजळ भिंतीच्या तळाशी एक ओली रेघ उमटली. बोटभर वर आली. चार बोटं. विमलाबाईंनी पाय पाटावर घेतले. जाळीवर टाच घासल्याचा आवाज आज पाण्याखालून आल्यासारखा येत होता, बोथट, मग तोही थांबला. तांब्या थांबला. रेघ थांबली नाही. वीतभर. हातभर.

आणि भिंतीतून, पूर्वी जिथं दार होतं बरोबर तिथून, कुणीतरी वाजवलं.

तळहातानं वाजवावं तसं. आधी सावकाश, दोनदा. कुणी आहे का बाहेर, एवढंच विचारल्यासारखं. मग परत. मग थांबता न येण्यासारखं.

विमलाबाई उभ्या राहिल्या. तेरा वर्षांत त्यांनी हे कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी टॉवेल दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

मल्हारराव धावत आले नाहीत. ते एकेक पाऊल मोजत आले, या वेळी टेबलाला वळसा न घालता, आणि त्यांनी ओल्या भिंतीवर हात ठेवला. आतल्या प्रत्येक थापेनं त्यांची बोटं उडत होती.

"किती वेळ वाजवलं असेल गं तिनं?" त्यांनी बायकोला विचारलं.



अंगणातून देवाप्पा म्हणाला, "अण्णा, पाइप तुमचा हाय. तुम्ही सांगितल्याबिगर मी कापत नाही."

"उघडा."

"कॉम्प्रेसर लावावा लागंल. आवाज होईल. तुम्हाला आतलं काय ऐकू यायचं नाही."

मल्हाररावांचा चेहरा असा झाला की शालननं मान खाली घातली. मग त्यांनी दुसराही हात भिंतीवर ठेवला. दोन्ही तळवे, कपाळ.

"लावा," ते म्हणाले. "मी हात काढत नाही."

कॉम्प्रेसर धडधडला आणि घरातला बाकी सगळा आवाज बुडाला. उंदराचं पातं फिरायला लागलं. कडक झालेली नळी कापायला चार-पाच मिनिटं जातात, कितीही घाई केली तरी. घाई केली तर पातं सरकतं आणि नव्या पाइपाला चीर जाते.

"डावीकडं," शालन ओरडून सांगत होती. "अजून. मधोमध घ्या. हां. दाबा आता."

"वाजवतेय," मल्हारराव भिंतीला सांगत होते, की देवाप्पाला, की स्वतःला. "वाजवतेय अजून. वाजवतेय."

स्क्रीनवर पांढरी पूड उडाली. पातं अर्धवट आत गेलं आणि अडकलं. देवाप्पानं मागं घेतलं, परत टेकवलं. त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत घाम ओघळत होता.

"वाजवतेय. हळू झालं. देवाप्पा, हळू झालंय."

"बोलू नका त्यांच्याशी, अण्णा," शालन म्हणाली. "उजवीकडं सोडा जरा. तिथंच. तिथंच."

"थांबलं," मल्हारराव म्हणाले.

पातं आरपार गेलं.

पाणी इतक्या जोरानं आलं की उंदीर पाइपातून ढकलला जाऊन चेंबरमध्ये आपटला. देवाप्पाच्या छातीवर, तोंडावर ऊन पाण्याचा लोट आला, चंदनाच्या वासाचा, फेसाळ. त्यानं चाचपडत हात लांबवून कॉम्प्रेसर बंद केला.

शांतता. पाण्याचा आवाज लांब, छापखान्याखालून रस्त्याकडं जात होता. जेवणघरात भिंतीवरची ओली रेघ उतरत होती. हातभर, वीतभर, मग नुसता डाग. भिंतीत कुणी वाजवत नव्हतं. मल्हाररावांचे हात अजून तिथंच होते. त्यांना ते काढायला सुचत नव्हतं, म्हणून शालननं एकेक करून खाली घेतले.

ते अंगणात आले आणि चेंबरपाशी ओल्या मातीत गुडघे टेकून बसले.

"उशीर झाला का?" त्यांनी विचारलं.

देवाप्पा आयुष्यभर बघितलेलंच सांगत आला होता. पाइप फुटलाय, पाइप बरा आहे, इथं मूळ आहे, इथं गाळ. "ते मला ठाऊक नाही, अण्णा," तो म्हणाला. "वाट मोकळी हाय, एवढं सांगतो."

त्यानं सवयीनं सातव्या तोंडाच्या दिशेनं तळहात धरला. पाणी संपलं होतं. आता नुसती हवा येत होती, उबदार. ती आली, थांबली. परत आली. थांबली. देवाप्पानं मान वर केली आणि बायकोकडं बघितलं. मग त्यानं मल्हाररावांचं मनगट धरून त्यांचा शाईचा हात खाली घेतला, आपल्या हाताच्या जागी ठेवला आणि स्वतः बाजूला झाला.

मल्हाररावांनी डोळे मिटले. हात तसाच राहिला.

आत जेवणघरात विमलाबाई भिंतीशी बोलत होत्या, उशीर करणाऱ्या मुलीशी बोलावं तशा, थोड्या चिडून.

"सात वाजून गेले गं," त्या म्हणत होत्या. "आवर आता."